अमृतमहोत्सवी जांबोरीला मुलींचे पथक नेताना : नव्या गाईड कॅप्टनसाठी मार्गदर्शक

शाळेत गाईड कंपनी, म्हणजे स्काऊट-गाईड चळवळीतील मुलींची तुकडी, सुरू होऊन जेमतेम वर्ष-दोन वर्षे झालेली असतात, मुलींना आत्ता कुठे गाठी जमू लागलेल्या असतात, आणि अशा वेळी जिल्हा कार्यालयातून निरोप येतो की राष्ट्रीय जांबोरीसाठी, म्हणजे देशभरातल्या स्काऊट-गाईडच्या मोठ्या शिबिरासाठी, आपल्या शाळेतून आठ मुलींचा एक संघ आणि एक कॅप्टन, म्हणजे त्यांना सांभाळणारी शिक्षिका, असे पाठवायचे आहेत. २८ जानेवारी ते ३ फेब्रुवारी २०२५ या काळात तमिळनाडूतील मणप्पारै येथे भारत स्काऊट्स आणि गाईड्सची डायमंड ज्युबिली जांबोरी भरली होती. तिला मी तालुक्याच्या गावातील आठ मुली घेऊन गेले. त्याआधी जिल्हा मेळाव्यापलीकडचे शिबिर मी पाहिलेले नव्हते. कुणाला काय विचारायचे हेच ठाऊक नसल्याने माझे बरेच दिवस वाया गेले. तेवढे तरी तुमचे वाचावेत, या हेतूने हे टिपण लिहिले आहे.

१. वर्धापन कसला आहे, ते आधी नीट समजून घ्या

ही पायरी अनावश्यक वाटेल, परंतु पहिल्याच पालकसभेत एका आईने मला विचारले की डायमंड म्हणजे हीरक, आणि हीरक महोत्सव तर साठ वर्षांचा असतो, मग तुम्ही पंचाहत्तर कसे म्हणता? प्रश्न रास्त होता. आपण मराठीत साठ वर्षांना हीरक आणि पंचाहत्तर वर्षांना अमृतमहोत्सव म्हणतो, तर संस्थेने पंचाहत्तरीलाच डायमंड ज्युबिली म्हटले होते. देशातील निरनिराळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली, आणि तिच्या पंचाहत्तराव्या वर्षाचा हा सोहळा होता. मुलींची ऑल इंडिया गर्ल गाईड्स असोसिएशन मात्र या संस्थेत १५ ऑगस्ट १९५१ रोजी, म्हणजे काही महिने उशिरा, विलीन झाली. भारतातली पहिली गाईड कंपनी तर त्याच्याही चाळीस वर्षे आधी, १९११ मध्ये, जबलपूरला निघाली होती. माझ्या मुलींनी हे ऐकून लगेच हिशेब केला आणि आपण या पंचाहत्तरीपेक्षा वयाने मोठ्या आहोत असे जाहीर करून टाकले. संस्थेच्या चिन्हातील मधले त्रिदल गाईडचे आहे, हेही त्याच सभेत दाखवा. आपली मुलगी स्काऊटच्या मुलांच्या मागे शोभेला चाललेली नाही, एवढे पालकांच्या लक्षात आले की पुढची संमतीपत्रे लवकर येतात.

परिपत्रक हाती आल्यावर वयोमर्यादा, आवश्यक सोपान (गाईडच्या परीक्षांच्या पायऱ्या), शुल्काची अंतिम तारीख आणि संघाची रचना या चार गोष्टी लाल शाईने अधोरेखित करा. या अटी प्रत्येक जांबोरीला बदलतात. मागच्या वेळी चालले म्हणून या वेळी चालेल, असे सांगणाऱ्या अनुभवी सहकाऱ्याचा सल्ला आदराने ऐकून घ्यावा आणि परिपत्रकच पाळावे.

२. मुली निवडताना गुणपत्रकाकडे पाहू नका

गाईडचे वय १० ते १७, त्यामुळे एकाच कंपनीत पाचवीची आणि दहावीची मुलगी असू शकते. संघ सहा ते आठ जणींचा असतो. शाळेत साहजिकच सूचना येते की हुशार मुली पाठवा, नाचणाऱ्या मुली पाठवा. माझे मत वेगळे आहे. घराबाहेर चार रात्री झोपू शकणारी, स्वतःचे कपडे धुणारी, रांगेत अर्धा तास उभे राहून न कुरकुरणारी आणि बरे वाटत नसेल तर ते वेळेवर सांगणारी मुलगी आधी घ्यावी. नाच दोन महिन्यांत शिकवता येतो. दहावीच्या मुली शक्यतो टाळाव्यात, कारण जांबोरी बहुधा थंडीच्या दिवसांत येते आणि त्याच सुमारास सराव परीक्षा असतात.

संघनायिका तुम्ही नेमू नका. मुलींनाच निवडू द्या. माझ्या मुलींनी निवडलेली संघनायिका मला सुरुवातीला फार अबोल वाटली होती. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मला ताप आला तेव्हा दिवसभर पथक तिनेच चालवले आणि संध्याकाळी हजेरीची वही माझ्या उशाशी आणून ठेवली.

एक-दोन राखीव मुलींची कागदपत्रेही तयार ठेवा. ऐनवेळी घरातले लग्न, आजीचे आजारपण किंवा गोवर-कांजिण्या यांपैकी काहीतरी निघतेच.

३. कागदपत्रांची फाईल

प्रत्येक मुलीसाठी वेगळी प्लास्टिकची फाईल करा आणि सर्वांच्या प्रतींचा एक संच शाळेत मुख्याध्यापकांकडे ठेवा. फाईलमध्ये पुढील गोष्टी हव्यात :

- पालकांचे संमतीपत्र. शक्यतो दोन्ही पालकांच्या सह्या आणि दोन संपर्क क्रमांक घ्यावेत. एक क्रमांक शेजाऱ्यांचा असला तरी चालेल.
- वैद्यकीय प्रमाणपत्र. त्यात रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि नियमित औषधे यांची नोंद असावी.
- आधार कार्डाची प्रत आणि मूळ शालेय ओळखपत्र.
- बोनाफाईड प्रमाणपत्र, तसेच पासपोर्ट आकाराचे सहा फोटो, त्यांपैकी दोन गणवेशातले.
- उत्तीर्ण सोपानांची प्रमाणपत्रे किंवा जिल्हा कार्यालयाने साक्षांकित केलेली नोंद.

कंपनीच्या चालू वर्षाच्या नोंदणीची पावती, तुमच्या बेसिक किंवा अ‍ॅडव्हान्स प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि तुमचा कर्तव्यार्थ जाण्याचा आदेश ही तुमच्या स्वतःच्या फाईलमध्ये असावीत. शेवटचा आदेश निघायच्या आधी हाती पडला पाहिजे. ‘परत आल्यावर देऊ’ या आश्वासनावर गेलेल्या एका सहकारी शिक्षिकेचे ते आठ दिवस पुढे कित्येक महिने अर्जित रजेत अडकून पडले होते.

या टप्प्यावरचा सर्वांत मोठा सापळा नावाच्या स्पेलिंगचा आहे. शाळेच्या रजिस्टरात नाव देवनागरीत, आधारवर इंग्रजीत एक आणि तुम्ही घाईत भरलेल्या यादीत तिसरेच, असे झाले की सहभागाचे प्रमाणपत्र त्या तिसऱ्या स्पेलिंगचे येते, आणि ते दुरुस्त करून घेण्यात पुढचे शैक्षणिक वर्ष उजाडते. यादी पाठवण्यापूर्वी प्रत्येक मुलीला स्वतःच्या नावापुढे सही करायला लावा. माझ्या यादीतील दोन चुका मुलींनीच पकडल्या.

४. पैसे

शिबिर शुल्क, प्रवास, गणवेश आणि वाटखर्च असे चार वेगळे आकडे लिहून पालकांना द्या आणि प्रत्येक रकमेची पावती फाडा. ज्या मुलीच्या घरून पैसे येणे कठीण आहे तिच्यासाठी वेगळी वर्गणी काढून तिला सर्वांपुढे उघडे पाडू नका. त्यापेक्षा ‘खरी कमाई’चा उपक्रम सगळ्या संघाने मिळून करावा. आम्ही दिवाळीपूर्वी पणत्या रंगवून आणि शाळेच्या मेळाव्यात भेळ विकून पैसे उभे केले, आणि ते सर्वांच्या प्रवासखर्चात सारखे वाटले. रेल्वे सवलत मिळेल असे गृहीत धरून अंदाजपत्रक मांडू नये. मिळालीच तर पैसे परत करणे सोपे असते.

५. रेल्वेचे आरक्षण

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि जुन्याजाणत्या कॅप्टनच्या डोक्यात अजून तीच असते. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, त्यामुळे आठ मुली आणि कॅप्टन यांची किमान दोन तिकिटे होतात. अशा वेळी सहा मुली एका तिकिटावर आणि उरलेल्या दोघी तुमच्यासोबत दुसऱ्यावर असे करू नका. दोन्ही तिकिटांवर एकेक मोठी स्त्री राहील अशी विभागणी करा, कारण दोन तिकिटांचे डबे वेगळे निघू शकतात. यासाठी शाळेतून दुसरी शिक्षिका किंवा जिल्ह्याच्या तुकडीतील दुसरी कॅप्टन सोबत हवी. ऑनलाईन काढलेले तिकीट पूर्णपणे प्रतीक्षायादीतच राहिले तर तक्ता तयार झाल्यावर ते आपोआप रद्द होते, आणि त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही. परतीचे आरक्षण वेगळ्या दिवशी खुले होते, त्याची आठवण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मणप्पारै हे तिरुचिरापल्ली–दिंडिगुल मार्गावरचे स्थानक आहे. आपल्याकडून तिथे पोचायला वाटेत गाडी बदलावी लागते, आणि खरी कसोटी त्या बदलाच्या वेळी असते. आम्ही प्रत्येक मुलीला १ ते ८ क्रमांक दिले होते. फलाटावर उतरल्याबरोबर मुली मोठ्याने आपापला क्रमांक म्हणत. ‘पाच’ ऐकू आला नाही की सगळ्या जागच्या जागी थांबत. आठ नावे पुकारण्यापेक्षा हे फार लवकर होते. रेल्वेची मदतवाहिनी १३९ आणि बालकांची १०९८ हे दोन क्रमांक मुलींना पाठ असावेत.

६. सराव शिबिर : येथे वेळ द्या

माझ्या मते सगळ्या तयारीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत हमखास टाळला जाणारा भाग हाच आहे. जाण्यापूर्वी किमान दोन रात्रींचे शिबिर शाळेच्या मैदानावर घ्या, आणि त्यात तुम्ही शक्य तितके कमी काम करा. हजारोंच्या जांबोरीत मुलीला जाणवते ती तिची आठ जणींची चूल. चूल नीट असेल तर गर्दी मजेची वाटते, आणि ती विस्कटलेली असेल तर तीच गर्दी भीतिदायक होते. म्हणून पाणी कोण आणणार, तंबू कोण झाडणार, हजेरी कोण घेणार, औषधांची पेटी कोणाकडे, जमाखर्च कोण लिहिणार, हे वाटप सराव शिबिरात एकदा मोडून पुन्हा जुळू द्यावे.

आमच्या पहिल्या रात्री तंबू नीट उभा राहिला, पण खुंट्या सरळ ठोकल्या होत्या. पहाटे वारा सुटला आणि एक बाजू मुलींच्या अंगावर आली. खुंटी तंबूच्या उलट दिशेला तिरपी ठोकायची असते, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून दोनदा शिकवले होते. ते कळले पहाटे चार वाजता, अंगावर ओले कापड आल्यावर. त्यानंतर मणप्पारैला शेजारच्या संघाच्या खुंट्याही आमच्या मुलींनीच बदलून दिल्या.

दुसरी गोष्ट प्रवेशद्वाराची. प्रत्येक पथक आपल्या जागेपुढे बांबूंचे प्रवेशद्वार उभारते आणि त्याला गुण असतात. आराखडा कितीही सुंदर असो, तो क्लोव हिच ही गाठ आणि चौकोनी लॅशिंग ही आडवे-उभे बांबू एकत्र बांधण्याची रीत एवढ्यावर उभा राहील असाच निवडा. तिथे बांबू कसे आणि किती मिळतील हे आपल्या हातात नसते. दोरी मात्र आपलीच न्यावी. आम्ही काथ्या नेला होता, आणि दवाने तो ओला होऊन सैल पडला. सुताची दोरी न्यायला हवी होती, हे तिथे लक्षात आले.

७. सामान

प्रत्येकीने आपले सामान स्वतः उचलून शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारून दाखवाव्यात, अशी अट ठेवा. फेऱ्यांनंतर मुली स्वतःच पिशवीतून वस्तू काढू लागतात. गणवेशाचे दोन जोड, स्कार्फ, वॉगल (स्कार्फ अडकवायचे कडे), शिट्टी, दोरी, ताट-वाटी-पेला, पाण्याची बाटली, बॅटरी, सतरंजी आणि चादर, कपडे वाळत घालायची दोरी व चिमटे, सुई-दोरा, सेफ्टी पिना, डासांचे मलम आणि टोपी एवढे पुरते. स्वेटरचा निर्णय ठिकाण पाहून घ्यावा. जानेवारी २०२३ ची जांबोरी राजस्थानात पाली जिल्ह्यातील रोहट येथे होती आणि तिथल्या थंडीच्या गोष्टी ऐकून आम्ही मणप्पारैला जाड घोंगड्या नेल्या. तिथे दुपारी चांगलेच ऊन होते, रात्री एक चादर पुरत होती, आणि त्या घोंगड्या आम्ही जाता-येता नुसत्या वाहिल्या.

दागिने आणि महाग मोबाईल नकोत. पैसे तुमच्याकडे जमा करून रोज थोडे द्यावेत आणि वहीत सही घ्यावी.

खाऊचा डबा मात्र अवश्य न्या. सात दिवस भात, सांबार आणि रसम हे चविष्ट असले तरी भाकरीवर वाढलेल्या मुलींना चौथ्या दिवशी घराची आठवण जेवणातूनच येते. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि तिळाचे लाडू एवढ्यावर ती निभावते. ओला नारळ घातलेले काही नेऊ नका, टिकत नाही.

८. पोचल्यावरचे पहिले चार तास

नोंदणीच्या खिडकीवर तुम्ही आणि एक मुलगी एवढ्याच जा. उरलेल्या सात जणी सामानाभोवती गोल करून बसू देत. सब-कॅम्पचा (शिबिरातल्या आपल्या विभागाचा) क्रमांक, भोजनाचे कूपन, ओळखपत्रे आणि कार्यक्रमपत्रिका ताब्यात घेतल्यावर तिथेच मोजा. खिडकी सोडल्यानंतर कमी निघालेले कूपन मिळवणे जवळजवळ अशक्य असते.

मणप्पारैचे शिबिर औद्योगिक वसाहतीच्या मोकळ्या जमिनीवर वसवले होते आणि तंबूंच्या रांगा एकसारख्या दिसत. पहिल्याच संध्याकाळी आमची सर्वांत लहान मुलगी नळावरून परतताना रांग चुकली. चाळीस मिनिटे ती सापडत नव्हती. ती रडत बसली नाही, कारण संघाने दुपारीच एका उंच बांबूला लाल चौकडीचा टॉवेल बांधला होता, आणि उंचवट्यावर उभे राहून तो शोधायचा हे ठरलेले होते. अशी खूण तंबू उभारण्याच्याही आधी लावा. त्यानंतर सगळ्या संघाला घेऊन स्वच्छतागृह, पाण्याचा नळ, दवाखाना आणि सब-कॅम्पचे कार्यालय असा फेरा उजेडात एकदा आणि अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन पुन्हा एकदा मारा. कुठेही जायचे ते जोडीने. रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना तर जोडीसोबत कॅप्टनही असलीच पाहिजे, मग तुमची झोप कितीही मोडो.

भाषेची भीती बाळगू नये. ‘तण्णी’ म्हणजे पाणी आणि ‘नन्री’ म्हणजे आभार एवढे शब्द पुरले, आणि ‘अक्का’ तर आपलाच. मोठ्या बहिणीला तिकडेही अक्का म्हणतात हे कळल्यावर आमच्या मुलींनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांना अक्का म्हणायला सुरुवात केली, आणि वाढपात फरक पडला.

९. पाळी, पाणी आणि पाय

या विषयावर निघण्यापूर्वीच मोकळेपणाने बोला, विशेषतः ज्या मुलींना अजून पाळी आलेली नाही त्यांच्याशी. प्रवासाचा थकवा आणि जागरण यांमुळे पाळी पुढे-मागे होते. माझ्या आठपैकी तिघींना तारीख नसताना आली, आणि त्यांतल्या एकीची ती पहिलीच होती. पॅडचा साठा औषधांच्या पेटीत सगळ्यांसाठी एकत्र ठेवा, म्हणजे कुणाला मागावे लागणार नाही. वापरलेले पॅड गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रे न्या. आतले कपडे उन्हात वाळवायला मुली संकोचतात आणि दमट कपडे घालून अंगावर पुरळ आणतात. तंबूमागे जुनी ओढणी आडवी बांधून आडोसा केला की हा प्रश्न मिटतो.

स्वच्छतागृहाची रांग टाळण्यासाठी मुली पाणी पिणेच कमी करतात. यावर नुसता उपदेश चालत नाही, म्हणून आम्ही दिवसातून चार वेळा शिट्टी वाजवून सगळ्यांनी एकत्र पाणी प्यायचे असा नियमच केला होता. संचलनाच्या सरावाने बूट चावतात, तेव्हा नवे बूट जांबोरीत प्रथम घालू नयेत. दोन वेण्या घट्ट घालाव्यात, आणि परत आल्यावर उवांची तपासणी न लाजता करावी.

१०. प्रदर्शन, शेकोटी आणि अदलाबदल

लेझीम आणि नऊवारी आपल्याकडून अपेक्षितच असते, आणि राज्याच्या तुकडीतील प्रत्येक जिल्हा तेच घेऊन येतो. आधी विचारून घ्या, नाहीतर एकाच शेकोटीला तीन कोळीनृत्ये होतात. आमच्या दालनाला लोक थांबले ते जात्यापाशी. मुली दळत बसत आणि ओव्या म्हणत, आणि पाहणाऱ्या मुलींना खुंटा धरायला देत.

बॅजांची अदलाबदल करताना मुलींना सांगून ठेवा की गणवेशावरचा स्वतःचा बॅज देऊन टाकायचा नाही. त्यासाठी वेगळे पंचवीस-तीस बिल्ले किंवा हाताने केलेल्या वस्तू न्याव्यात. अशा जांबोरीला परदेशी पाहुणी पथकेही येतात आणि महाराष्ट्रातून आलो म्हटल्यावर पुण्यातल्या ‘संगम’विषयी विचारू शकतात. गाईडच्या जागतिक संघटनेचे हे केंद्र १९६६ मध्ये लेडी ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते सुरू झाले. माझ्या मुलींनी त्याचे नाव तमिळनाडूत प्रथम ऐकले, ही चूक माझी. शक्य असल्यास पूर्वपरवानगीने त्यांना आधीच तिथे नेऊन आणा.

मणप्पारैचा मुरुक्कू प्रसिद्ध आहे. घरी न्यायला मुली तो घेणारच. तो शेवटच्या दिवशी घ्यावा आणि ताटात घालून वर वाटी उपडी ठेवावी, नाहीतर घरी त्याचा चुरा पोचतो.

११. परतल्यानंतर

घरी सोडताना प्रत्येक मुलीला पालकांच्या हाती द्या आणि वहीत वेळेसह सही घ्या, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. दोन दिवसांत उसनी आणलेली भांडी, तंबू व पेट्या मोजून परत करा. लॉगबुक मुलींनी आठवड्याच्या आत पुरे करावे, नंतर दिवस एकमेकांत मिसळतात. प्रमाणपत्रे हाती येताच स्पेलिंग तपासून दुरुस्तीचा अर्ज लगेच जिल्हा कार्यालयात द्या आणि त्याची पोच घ्या. हिशेबाला जोडायच्या पावत्यांपैकी यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत कागदाच्या पावत्यांची छायाप्रत पहिल्याच दिवशी काढून ठेवा. माझ्या चार पावत्या लेखापरीक्षणापर्यंत कोऱ्या पांढऱ्या झाल्या होत्या.